दप्तर गेलेल्या शहराचे ग्रंथालय

मे १७५८ मध्ये औरंगाबादेत शाहनवाज खान मारला गेला. सलाबत जंगाच्या दरबारात तो एके काळी मुख्य कारभारी होता. फ्रेंच सेनानी बुसी आणि निजामाच्या घराण्यातले भाऊ यांच्या ओढाताणीत त्याचा बळी गेला, आणि त्या धामधुमीत त्याचा वाडाही लुटला गेला. लुटीत दागदागिन्यांबरोबर एक हस्तलिखित नाहीसे झाले. १७४२ ते १७४७ ही वर्षे शाहनवाज खानाने राजकारणातून बाजूला पडून काढली होती. त्या सक्तीच्या फुरसतीत त्याने अकबराच्या काळापासूनच्या मोगल अमीर-उमरावांची चरित्रे लिहिली, तोच ‘मआसिर-उल-उमरा’. त्याचे मित्र गुलाम अली आझाद बिलग्रामी हे अरबी-फारसीचे मोठे पंडित होते. उत्तरेतल्या बिलग्रामहून आलेले आझाद औरंगाबादेत बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात, म्हणजे फकिरांच्या मठात, राहिले होते. त्यांनी सुमारे वर्षभर शोध घेऊन ग्रंथाची विखुरलेली पाने मिळवली, त्यांचा क्रम लावला, प्रस्तावना लिहिली आणि जिथे मजकूर हाती लागला नाही तिथे काही चरित्रे स्वतः लिहून भर घातली. पुढे शाहनवाज खानाचा मुलगा अब्दुल हय याने आणखी साधने वापरून १७८० मध्ये ग्रंथ पूर्ण केला. सातशेहून अधिक चरित्रांचा हा कोश आज मोगलकाळाच्या कोणत्याही अभ्यासकाला टाळता येत नाही. तो आपल्यापर्यंत पोचला तो आझादांच्या त्या वर्षभराच्या शोधामुळे.

या शहरातल्या संशोधन संस्थेसाठी एकात्मिक डिजिटल ग्रंथालय उभारण्याचा विचार करताना ही घटना पायाशी ठेवावी, असे मला वाटते. अशा ग्रंथालयाची चर्चा एरवी यंत्रांपासून सुरू होते: स्कॅनर कोणता घ्यायचा, सर्व्हर कुठे ठेवायचा, वर्षाला किती लाख पाने होतील. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, बाबतीत हा क्रम उलटा आहे. या शहराची लिखित संपत्ती गेल्या अडीचशे वर्षांत सतत बाहेर गेली आहे. मालकी, राज्यसीमा आणि देशसीमा यांनी ती इतकी विभागली आहे की ती परत एका इमारतीत येणे शक्य नाही. म्हणून इथे डिजिटल ग्रंथालयाचे पहिले काम विखुरलेल्या गोष्टींची जोडणी हे ठरते, आणि जोडणी यंत्र करत नाही. ती सूचीने होते, आणि चांगली सूची लिपी, कालगणना व घराणी ओळखणारी माणसेच करू शकतात. आधी सूची आणि वाचक, मग छायाचित्रे, हाच क्रम योग्य आहे. तो कशावरून योग्य, याची साक्ष या परिसराचाच इतिहास देतो.

या कामाची इथली परंपरा आझादांहून जुनी आहे. शहरापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर, पैठणला, शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण पूर्ण केले. ग्रंथाला तोवर जवळपास तीनशे वर्षे झाली होती. नकलाकारांच्या हातून पाठ बदलले होते आणि प्रतींमध्ये फरक पडले होते. अनेक प्रती समोर ठेवून कोणता पाठ स्वीकारायचा हे ठरवणे म्हणजे आजच्या भाषेत पाठचिकित्सा. एकनाथांचे काम इतके मान्य झाले की पुढची परंपरा त्याच पाठावर उभी राहिली. पण या गोष्टीला दुसरीही बाजू आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १९०९ मध्ये एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि ती प्रत एकनाथपूर्व असल्याचे सांगितले. ती मूळ पोथी पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. छापील पाठ आहे, पण पोथीचा कागद, अक्षरवळण, समासातल्या दुरुस्त्या, यातले काहीच तपासता येत नाही. एकनाथांनी समोर ठेवलेल्या प्रतीही आपल्याकडे नाहीत. म्हणजे जाणकाराचा निर्णय जपला गेला, पण निर्णय ज्यावर घेतला तो पुरावा गेला. हे दोन्ही एकत्र जपणे, अभ्यासकाने लावलेला पाठ आणि त्यामागच्या प्रत्येक प्रतीचे चित्र शेजारी-शेजारी ठेवणे, ही सोय आपल्या पिढीला पहिल्यांदा मिळाली आहे. तिचा उपयोग एकनाथांच्या कामाला पुढे नेण्यासाठी व्हावा.

आता या शहरातून काय गेले ते पाहू. औरंगाबाद हे मोगलांच्या दख्खन सुभ्यांचे मुख्य ठाणे होते. औरंगजेब आधी सुभेदार म्हणून आणि पुढे बादशहा म्हणून इथे राहिला. साहजिकच दख्खनच्या कारभाराचे कागद इथे साठले. निजाम अली खानाच्या काळात, १७६३ मध्ये, राजधानी हैदराबादला हलली आणि तिच्यामागे कारकून, कचेऱ्या आणि कागदही निघाले. औरंगाबादच्या किल्ले अर्कात राहिलेले मोगल दप्तर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हैदराबादच्या दफ्तर-ए-दिवाणीकडे नेण्यात आले. शाहजहान आणि औरंगजेब यांच्या कारकिर्दीतले सुमारे १,५५,००० कागद आज तिथल्या राज्य अभिलेखागारात आहेत. त्यात ‘अर्ज-ओ-चेहरा’ नावाची हजेरीपत्रके आहेत: शिपायाचे नाव, बापाचे नाव, जात-जमात, मूळ गाव, चेहऱ्यावरचे व्रण-तीळ आणि घोड्याचे वर्णन. सतराव्या शतकात दख्खनेत पोटासाठी तलवार धरणाऱ्या सामान्य माणसाची नोंद इतक्या बारकाईने ठेवणारी साधने फार थोडी आहेत. दिवाणी कचेरीचा आणखी एक मोठा साठा नवाब इनायत जंग यांच्या घराण्याकडे राहिला आणि त्यांच्याकडून दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेला. ते कागद सुमारे १,३७,००० आहेत. एकाच कारभाराचे कागद अशा रीतीने दोन शहरांत, दोन सूचींत, दोन वेगळ्या पद्धतींनी क्रमांक देऊन ठेवलेले आहेत.

सरकारी दप्तराचे जे झाले तेच विद्येच्या खाजगी केंद्रांचे झाले. बाबा शाह मुसाफिर हे मध्य आशियातून आलेले नक्शबंदी सूफी. त्यांच्या तकियाजवळच तुर्कताज खानाने मातीच्या नळांतून पाणी आणले, त्यावर पाणचक्की चालली आणि फकीर-मुसाफिरांसाठी धान्य दळले गेले. याच आवारात ग्रंथालय होते. तिथे लिहिल्या गेलेल्या ‘मल्फूजात-इ-नक्शबंदिया’मध्ये शाह मुसाफिर आणि त्यांच्या गुरूंच्या आठवणी आहेत, औरंगजेबाच्या छावणीतल्या सैनिकांचे रोजचे जगणे त्यात जसे दिसते तसे दरबारी तवारिखांत दिसत नाही. या ग्रंथालयाचा मोठा भाग पुढे पांगला. विसाव्या शतकात दुसरे केंद्र उभे राहिले. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या उर्दूच्या संस्थेचे चिटणीस मौलवी अब्दुल हक शिक्षणखात्यातल्या नोकरीमुळे औरंगाबादेत होते, म्हणून संस्थेची कचेरीही इथे आली. १९२१ पासून ‘उर्दू’ हे त्रैमासिक इथून निघाले, दख्खनी भाषेची जुनी हस्तलिखिते शोधून गोळा करण्यात आली, मुल्ला वजहीचे ‘सबरस’ संपादित होऊन छापले गेले आणि १९३७ मध्ये मोठा इंग्रजी-उर्दू कोश औरंगाबादचे नाव घेऊन बाहेर पडला. त्यानंतर लवकरच अंजुमन दिल्लीला गेली. १९४७ च्या दंगलींत तिच्या दिल्लीतल्या कचेरीची हानी झाली, अब्दुल हक कराचीला गेले आणि संग्रहही भारत-पाकिस्तानात विभागला. दख्खनी ही मराठीच्या शेजारी वाढलेली भाषा. तिची या शहरात जमवलेली साधने आज सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना आहेत.

याचा परिणाम काय झाला हे पुण्याशी तुलना केली की स्पष्ट होते. पेशवे दप्तर पुण्यातच राहिले. त्याभोवती संशोधकांच्या पिढ्या तयार झाल्या. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी दप्तरातले रुमाल उघडून १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. कागद जवळ होते म्हणून मोडी शिकणारे झाले, मोडी येणारे होते म्हणून कागद वाचले गेले. मराठवाड्यात मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी, आणि तोवर मुख्य साठे बाहेर गेलेले होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण हैदराबादच्या मध्यवर्ती अभिलेखागारातले मोगल कागद तिथेच राहिले. म्हणून मराठवाड्याचा मध्ययुगीन इतिहास लिहिण्यासाठी हैदराबाद, दिल्ली, पुणे, मुंबई या वाऱ्या अटळ झाल्या. सेतुमाधवराव पगडींसारखा फारसी जाणणारा विद्वान हैदराबाद संस्थानातच घडला होता, म्हणून त्यांच्या हातून मोगल साधनांची मराठी भाषांतरे झाली आणि मराठी वाचकाला आपल्या इतिहासाची दुसरी बाजू दिसली. पण अशा एखाद्या विद्वानावर अख्ख्या प्रदेशाच्या इतिहासाची भिस्त ठेवता येत नाही. संशोधनाची परंपरा साठ्यापाशी वाढते. साठाच दूर असेल तर त्याच्यापर्यंत जायची वाट प्रत्येक विद्यार्थ्यासाठी कायमची मोकळी करून द्यावी लागते.

ही वाट म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणाने सांगतो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला पैठण परगणा घ्या. १७१९ च्या सनदांनी मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांवर चौथाई-सरदेशमुखीचा हक्क मिळाला आणि १७२८ मध्ये पालखेडच्या मोहिमेनंतर मुंगी-शेवगावच्या तहात निजामाला तो मान्य करावा लागला. म्हणजे एकाच गावातून दोन सत्तांचा वसूल होत होता. मोगल-निजामी बाजूचे कागद फारसीत, शिकस्ता वळणाच्या अक्षरात. मराठ्यांचे हिशेब मोडीत. पहिले हैदराबाद आणि दिल्लीत, दुसरे पुण्यात, आणि स्थानिक इनामांच्या सनदा देशमुख-देशपांडे घराण्यांकडे, मठांत, दर्ग्यांत. एकीकडे हिजरी सन आणि बादशहाच्या कारकिर्दीचे वर्ष, दुसरीकडे शुहूर सन, महसुलात फसली, पोथ्यांत शालिवाहन शक. मे १७५८ हा एकच महिना हिजरी ११७१, शके १६८० आणि दख्खनी फसली ११६७ असा तीन ठिकाणी तीन रूपांत नोंदलेला सापडेल. शहराचे नावही तसेच. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी, त्याच्या मुलाच्या काळातले फतेहनगर, १६५३ नंतरचे औरंगाबाद, नाण्यांवरचे खुजिस्ता बुनियाद आणि २०२३ पासून अधिकृत झालेले छत्रपती संभाजीनगर. यातले कोणतेही एक नाव टाकले तरी सगळ्या नावांखालचे कागद समोर यायला हवेत. यंत्राला ही नावे एकाच जागेची आहेत हे आपोआप कळत नाही. ते कुणीतरी अभ्यास करून प्रमाण नामसूचीत आणि कालसारणीत लिहून ठेवावे लागते. परगण्यांची, घराण्यांची, पदांची अशी सूची एकदा झाली की चार शहरांतले कागद त्या सूचीपुरते तरी एका टेबलावर येतात, आणि आजवर वेगवेगळ्या भाषांच्या अभ्यासकांनी तुकड्यातुकड्याने पाहिलेला परगणा पहिल्यांदा सलग दिसू लागतो.

सूचीकडे दुर्लक्ष करून केवळ पाने स्कॅन केली तर काय होते, हेही आपल्या देशाने पाहिले आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया हा प्रकल्प चालू शतकाच्या पहिल्या दशकात मोठ्या उमेदीने सुरू झाला. देशभरच्या केंद्रांत मिळून लाखो जुनी पुस्तके स्कॅन झाली. मराठीतली दुर्मीळ पुस्तकेही त्यात होती. काम प्रचंड होते आणि त्याचे ऋण मानलेच पाहिजे. पण नोंदी घाईने केल्या गेल्या. रोमन लिपीत हव्या तशा लिहिलेल्या शीर्षकांमुळे पुस्तक असूनही सापडत नव्हते, लेखकांची नावे चुकली होती, मधली पाने सुटली होती. पुढे ते संकेतस्थळच बंद पडले, आणि आज त्यातली बरीच पुस्तके वाचता येतात ती इतरांनी वेळीच इंटरनेट आर्काइव्हवर चढवलेल्या प्रतींमुळे. याउलट पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने आपल्याकडची जुनी पुस्तके आणि अहवाल डीस्पेस या मुक्त प्रणालीवर सर्वांसाठी खुले केले. एका संस्थेने, आपल्या ओळखीच्या संग्रहावर, ग्रंथपालांच्या देखरेखीखाली केलेले हे काम देशभरचे अभ्यासक वापरतात. आकडा मोठा असण्यापेक्षा नोंद विश्वासार्ह असणे वाचकाच्या जास्त कामाचे, हा या दोन अनुभवांचा धडा आहे.

तरीही कुणी म्हणेल, एकत्र आणण्याची ही कल्पना फार महत्त्वाकांक्षी आहे. तसे नाही, जगात ती सिद्ध झालेली आहे. चीनमधल्या तुनहुआंग इथल्या गुहेत १९०० मध्ये हस्तलिखितांचा प्रचंड साठा उघडकीस आला. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन आणि १९०८ मध्ये पॉल पेलिओ यांनी त्यातला मोठा भाग नेला. लंडन, पॅरिस, बीजिंग, सेंट पीटर्सबर्ग अशी त्याची वाटणी झाली. कुणीही आपला वाटा परत द्यायला तयार नव्हते, पण १९९४ मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या पुढाकाराने या संस्थांनी एकत्र येऊन सामायिक सूची आणि चित्रांचा प्रकल्प सुरू केला. आज एका ग्रंथाचे दोन देशांत गेलेले तुकडे एका पडद्यावर जुळवून वाचता येतात. नोंदी एका संस्थेकडून दुसरीकडे आपोआप गोळा करण्याचे आणि वेगवेगळ्या ठिकाणची चित्रे एकाच जागी उघडण्याचे मुक्त तांत्रिक संकेतही आता सर्वमान्य आहेत, आणि ते वापरायला परवाना शुल्क लागत नाही. आपल्या देशात विद्यापीठांचे प्रबंध शोधगंगेवर एकत्र आले ते अशाच सामायिक नियमांच्या बळावर, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर. प्रबंधांचे जे झाले ते त्या प्रबंधांमागच्या मूळ साधनांचे होऊ शकते.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. चित्रांवर समाधान मानणे म्हणजे मूळ कागदांवरचा हक्क सोडणे होय. मराठवाड्याचे कागद मराठवाड्यात परत आले पाहिजेत, अशी मागणी का करू नये? या मागणीमागची वेदना खरी आहे. हैदराबाद संस्थानात मराठी भाषिकांना जे सोसावे लागले त्याची तिला पार्श्वभूमी आहे. पण मोगल दप्तर हे केवळ आजच्या आठ जिल्ह्यांचे नाही. त्यात खानदेश, वऱ्हाड, विजापूर, गोवळकोंडा यांच्या नोंदी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. एका कचेरीचे कागद तिच्याच क्रमाने एकत्र राहावेत हे अभिलेखशास्त्राचे मूलभूत तत्त्व आहे. प्रादेशिक वाटणी करायला बसलो तर आधीच दोनदा फुटलेले दप्तर आणखी फुटेल. आणि कराचीत गेलेल्या हस्तलिखितांबाबत तर अशी मागणी केवळ निषेधापुरती उरते. सामायिक सूची कोणाच्याही मालकीला धक्का लावत नाही, म्हणूनच ती मान्य होण्याची शक्यता जास्त आहे. शिवाय हक्क सांगायचा तर आधी काय कुठे आहे हे ठाऊक हवे. सूची हा त्या हक्काचाच पाया आहे.

दुसरा आक्षेप सामाजिक आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे मला अप्रामाणिक वाटते. या विभागातल्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी आहे. त्यांना अभ्यासिका, पाठ्यपुस्तके, वसतिगृहे हवीत. फारसी फर्मानांची चित्रे हा कुणाच्या चैनीचा विषय, असे विचारले जाईल. याचे उत्तर याच शहरात, नागसेनवनात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये इथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. ज्यांना पिढ्यानपिढ्या ग्रंथापासून दूर ठेवले त्यांच्यासाठी उत्तम ग्रंथ, उत्तम ग्रंथालय हा हक्क आहे, ही त्यामागची भूमिका होती. त्याच वातावरणातून गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ उभे राहिले आणि दलित साहित्याला व्यासपीठ मिळाले. हैदराबादला किंवा दिल्लीला महिनाभर राहून कागद पाहणे ज्याला परवडते तोच आज इतिहास लिहितो. हिंगोलीच्या किंवा गेवराईच्या विद्यार्थ्याला ते परवडत नाही. खुले डिजिटल ग्रंथालय हा भेद कमी करते. अट एवढीच की त्याच्यासोबत तालुक्याच्या ठिकाणी वाचनकक्ष आणि चांगले नेटवर्क असले पाहिजे, नाहीतर आक्षेप खराच ठरेल.

आणि एकत्र करायचे ते फक्त मोगल-मराठा काळाचे नाही. शहराजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद बनवण्याची जुनी परंपरा आहे; तसल्या चिवट हातकागदावरची अक्षरे तीनशे वर्षांनंतरही स्वच्छ वाचता येतात. विसाव्या शतकातला लाकडी लगद्याचा वर्तमानपत्री कागद मात्र त्यातल्या आम्लामुळे साठ-सत्तर वर्षांत पिवळा पडून तुटू लागतो. म्हणजे सर्वांत आधी नष्ट होणार आहेत ती अलीकडची साधने. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये सुरू केलेले ‘मराठवाडा’ पत्र निजामी बंदीला तोंड देत वेगवेगळ्या नावांनी निघत राहिले. पुढे अनंत भालेराव यांच्या संपादनाखाली ते या विभागाचा आवाज झाले. त्याचे बदलत्या नावांचे अंक एकाच पत्राचे आहेत हे सूचीकाराने नोंदले नाही तर ते कायमचे सुटे राहतील. १९७८ ते १९९४ या काळातल्या विद्यापीठाच्या नामांतर आंदोलनाची पत्रके, भित्तिपत्रके, सभांची इतिवृत्ते घराघरांत आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नसण्याचा संभव मोठा आहे. ज्या विद्यापीठाला १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले त्या विद्यापीठाने हे कागद जपणे हे त्याचे कर्तव्यच आहे. प्राधान्यक्रम ठरवताना वय पाहू नये, धोका पाहावा.

उरतात दोन शंका: संमतीची आणि टिकाऊपणाची. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. दर्ग्यांच्या आणि मठांच्या संग्रहांना धार्मिक मर्यादा आहेत. विसाव्या शतकातल्या लेखनाला स्वामित्वहक्क आहे. यातल्या कोणालाही वाटू नये की संस्था येऊन आपले धन घेऊन जात आहे, कारण या शहराचा तो अनुभव आहेच. म्हणून सूचीत येणे आणि चित्र खुले होणे या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवाव्यात. पोथी कुठे आहे, कोणती आहे, कोणत्या लिपीत आहे एवढी नोंदही संशोधनाला मोठी मदत करते. पाने दाखवायची की नाहीत हे मालकाने ठरवावे आणि पोथी त्याच्याच घरी राहावी. टिकाऊपणाचे म्हणाल तर डिजिटल प्रत नाजूक असते हे मान्य. तबकड्या बिघडतात, प्रणाली जुन्या होतात, अनुदान थांबते. पण ग्रंथ टिकवण्याची जी रीत आपल्याकडे होती तीच इथेही लागू पडते: अनेक प्रती, अनेक जागी. एका सर्व्हरवर एका विभागाच्या ताब्यात ठेवलेला संग्रह हा लुटला जाऊ शकणारा वाडाच आहे. विद्यापीठ, राज्याचे पुराभिलेख कार्यालय आणि बाहेरच्या एखाद्या संस्थेत त्याच्या समान प्रती राहिल्या, तर एकाची हानी सर्वनाश ठरणार नाही.

या सगळ्यातून मी एका निष्कर्षावर येतो. इथल्या संशोधन संस्थेने पहिली काही वर्षे पैसा माणसांवर खर्च करावा: मोडी, फारसी शिकस्ता, दख्खनी आणि महानुभावी लिप्या वाचणारे तरुण तयार करावेत, त्यांना सूचीकार म्हणून पगारी, मानाच्या जागा द्याव्यात आणि सूचीला प्रबंधाइतकीच विद्वत्तेची कृती मानावे. या मुलांपैकी कुणाच्या घरात मोडी बाड असेल, कुणाच्या घरात उर्दू बोलली जात असेल, कुणाच्या आजोबांनी नामांतराचा लाँग मार्च काढला असेल. ही विविधता या कामाचे खरे भांडवल आहे. त्यांनी हैदराबाद, दिल्ली, पुणे इथल्या साठ्यांची सामायिक नामसूची केली की स्कॅनिंगचा प्रत्येक रुपया योग्य कागदावर खर्च होईल. यश मोजायचे ते पानांच्या आकड्यात मोजू नये. पैठण परगण्यातल्या एका गावाचा दोन्ही सत्तांचा हिशेब एखाद्या विद्यार्थिनीने एका बैठकीत ताडून पाहिला आणि त्यावर आजवर कुणी न विचारलेला प्रश्न विचारला, की ग्रंथालय उभे राहिले असे म्हणावे. राजधानी गेली, दप्तर गेले, हे बदलता येत नाही. पण राजधानी असणे हे जसे या शहराचे वैभव होते, तसे विखुरलेले जुळवणे ही त्याची विद्या होती, आणि ती विद्या पुन्हा शिकवायला सुरुवात करणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.